तीन चौकटी

दस्तगीरमामांची वही इतकं तेल प्यायलीय
की मागच्या पानावरचं नाव पुढच्या पानावर उमटतं.
अठ्ठावीस वर्षं उद्यमनगरात मोटरी भरल्या मामांनी,
त्यांची ही एवढी एकच वही.
मालकांच्या पोरानं आता संगणकात प्रोग्राम आणलाय.
म्हणाला, "ताई, महिन्यात सगळं आत घाला."

आत तीन चौकटी.
ग्राहक. साईट. संपर्क.
पैसे कोण देतो, पंप कुठं आहे, फोन कोण उचलतो.
म्हटलं, त्यात काय एवढं.

वही म्हणते:
"पिवळं गेट. तालमीच्या मागं. कुत्रं सोडल्यालं असतंय."
"मास्तरांच्या मेव्हण्याची विहीर, वडणगे. दुपारचं जायचं न्हाई."
"अक्का. साडेसात एचपी. उधार."
कुठली तालीम, मामा? या गावात तालमी काय दोन-चार आहेत?
मामा मान वर करत नाहीत.
"पिवळं गेट, लिवलंय की."

गेट दिवाळीपासून निळं आहे.

चौगोंडा पाटील चार वेळा सापडले:
चौगोंडा, सी. बी. पाटील, पाटील रुकडी
आणि नुसतेच "आण्णासो, ऊस".
चौघांना फोन लावला, चारही वेळा तोच खोकला.
"एकत्र करा" दाबलं,
आणि चौघांची उधारी एका म्हाताऱ्यावर जाऊन पडली.

हुपरीकर बंधूंचं उलटं.
नाव एक, बंगला एक, राजारामपुरीत,
पण धाकट्याचा पंप बिघडल्याचं थोरल्याला कळवलं
तर टाकी पंधरा दिवस कोरडी राहते.
एका ग्राहकाचे तीन केले.
भांडणाला प्रोग्राममध्ये चौकट नाही,
शेऱ्यात लिहिलं: आधी विचारा, कोण बोलतंय.

मग पुराच्या सालची पानं.
त्यांवर नावंसुद्धा नाहीत, नुसत्या गल्ल्या,
आणि रकमेच्या जागी कोरं.
रकमेशिवाय नोंद जतन होईना.
शून्य टाकलं.
खात्री आहे का, असं विचारलं त्यानं,
सदुसष्ट वेळा.
मामा तेव्हा चहाला गेले होते.

आणि एक नंबर जिथंतिथं, शेवटी अठ्ठ्याहत्तर.
कळंब्याचं अपार्टमेंट, शिरोलीची फौंड्री,
बावड्यातलं मंगल कार्यालय.
पुढं मामांचं वाकडं अक्षर: "गुंडू. चावी."
चौकट लाल झाली. हा संपर्क कोणत्या ग्राहकाचा?
कुणाचाच नाही, बाबा.
वॉचमन आहे.
गेटं बदलत गेली, नंबर तेवढा राहिला.
कुठंच बसेना, म्हणून एका कागदावर लिहून
कीबोर्डखाली सरकवला.

गुरुवारी फोन वाजला. अठ्ठ्याहत्तर.
"कुठल्या साईटवरनं बोलताय?"
"साईट न्हाई." जरा थांबला.
"आमच्यात बोअर मारलीय. अर्ध्या एचपीची बसवायची."
"नाव?"
"गुंडू वॉचमन म्हणा, मामास्नी ठावं हाय."
"तसं नाही. ग्राहक म्हणून घालायचंय, पूर्ण सांगा."
पलीकडं कुणीतरी बादली ठेवली.
मग सावकाश, अर्जावर सही केल्यासारखं:
"गुंडू यल्लाप्पा सनदी. कणेरीवाडी."
"खूण काय लिहू? गेटचा रंग?"
हसला तो.
"गेट न्हाई ओ आमाला."

ग्राहक तोच, साईट त्याचीच, फोन तोच उचलणार.
महिन्याभरात पहिल्यांदाच
एकाही चौकटीला लाल रंग आला नाही.

मामांना सांगितलं.
त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले,
खिशातली पेन्सिल काढली
आणि वहीत उरलेल्या चार बोटं जागेत लिहिलं:
"गुंडूचं घर. मी जातो."